श्वासाला उशीर

४ नोव्हेंबर

आज बेकरीपर्यंतसुद्धा जाता आलं नाही. ही दाराबाहेर पडली, गार वारा नाकात गेला आणि जो ठसका लागला तो थांबेचना. फाटकाचा गज धरून उभी राहिली. समोरच्या शिंपीणबाईंनी खिडकी उघडून पाणी आणू का विचारलं, तर हिने हातानेच नको म्हटलं. कशीबशी आत आणून खुर्चीत बसवली. दम खाल्ल्यावर पहिलं वाक्य काय, तर, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बेकरीकडे जाणारी गाडी काही अपरिहार्य कारणांमुळे रद्द करण्यात आली आहे."

बस आगारात माइकवर गाड्यांच्या घोषणा करण्यात हिची सगळी नोकरी गेली. गेल्या वर्षी छातीच्या दुखण्यामुळे ती सोडावी लागली, पण घोषणा काही सुटल्या नाहीत. जेवायलाही तशीच बोलावते.

छातीच्या डॉक्टरबाई म्हणतात, फुप्फुसं आतून राठ होत चालली आहेत. गार हवा चालायची नाही, हिवाळाभर घरातच राहा. हिला मात्र सकाळी नदीकाठच्या रस्त्याने फिरायला जायचंय. "तोंडाला मफलर गुंडाळते. तुम्ही हात धरा. होईल तेवढं जाऊ, नाहीतर परत येऊ."

मी म्हटलं, जरा थांब. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे.

६ नोव्हेंबर

गोष्ट अशी. आमच्या कारखान्यात बाटल्यांवरची प्लास्टिकची वेष्टणं आवळायच्या गरम हवेच्या भट्ट्या बनतात. भट्टीचं तापमान जागच्या जागी धरून ठेवणारा कंट्रोलर जुळवणं हे माझं काम. मग हेच काम छोट्या आकारात का करू नये? तोंडावर मास्क, त्याला आखूड नळी, नळीत बारीक तारेचं वेटोळं, कमरेला बॅटरी. बाहेरची गार हवा तारेवरून जाईल आणि नाकापर्यंत पोचेस्तोवर कोमट होईल. उच्छ्वास बाजूच्या झडपेतून बाहेर.

जेवणाच्या सुट्टीत पंख्याला दाखवलं. पंखा म्हणजे ब्लोअर विभागातला माझा जुना दोस्त. सगळा कारखाना त्याला याच नावाने ओळखतो. त्याने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"भट्टीत हवा एका वेगाने वाहते बाबा," तो म्हणाला. "माणूस श्वास घेतो, थांबतो, बोलतो, जिना चढतो, शिंकतो. तुझा कंट्रोलर वेडा होईल."

"होऊ दे. त्याला शहाणं करायचीच नोकरी केली मी आजवर."

"वहिनींना विचारलंस?"

यात विचारायचं काय, मला कळलं नाही.

१४ नोव्हेंबर

पहिली चाचणी स्वतःवर. तार तापायला लागली तेव्हा माझा श्वास आत जाऊनही झाला होता. गार तो गारच. मग मी श्वास रोखला, तर तार तापतच राहिली आणि पुढचा घोट असा आला की डोळ्यांत पाणी.

ही बाजूच्या खुर्चीत लोकर गुंडाळत बसली होती. झालं काय, म्हणून विचारलं. मी समजावलं. कंट्रोलर तापमान बघतो, कमी असलं की वीज वाढवतो, जास्त झालं की तोडतो. पण त्याला कळेपर्यंत वेळ जातो. तोवर तो जुन्या चुकांचा हिशेब साठवत राहतो आणि मग सगळा एकदम चुकता करतो.

"म्हणजे आपल्या पहिल्या घरातला न्हाणीचा नळ," ही म्हणाली. "गरम सोडा, काही येत नाही. अजून सोडा, तरी नाही. आणि मग आला की माणूस उकडून बाहेर."

कंट्रोलरवर इतकं चांगलं भाषण मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. तसं म्हणालो. फार खूश झाली.

१९ नोव्हेंबर

तापमानाच्या मागे धावण्यात अर्थ नाही, हवाच मोजायला हवी. श्वास सुरू झाला हे नळीच्या तोंडाशीच कळलं तर किती वीज लागेल ते आधीच काढता येईल. तापमानाचं मोजमाप फक्त उरलीसुरली चूक पुसायला. त्यासाठी नळीत हवेचा वेग मोजणारा सेन्सर बसवला.

आता हिचा श्वास नोंदवून घ्यायचा. आज संध्याकाळपासून सुरुवात केली. ही जेवणाच्या टेबलाशी बसते, नळी तोंडात धरते, मी पडद्यावर आलेख बघतो. मधेच नळी काढून म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"आत्ता नको गं. बोललीस की आलेख बिघडतो. मोजून होऊ दे."

मोजून झाल्यावर मी विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, विसरले.

आलेख मात्र सुंदर आलाय. टेकड्यांची रांग असावी तसा.

२ डिसेंबर

पंख्याने मला भात्यासारखा एक पंप करून दिलाय, तो माणसासारखा श्वास घेतो. त्याच्यावर यंत्र छान चालतं. हिच्या तोंडाशी धरलं की बिनसतं. कारण सापडलं: सेन्सर हवा कमी दाखवतोय. नोव्हेंबरात हिच्या टेकड्या होत्या, आता उंचवटे दिसताहेत. धूळ बसली असणार. उघडून स्पिरिटने पुसला.

घरात एक नवीन खूळ. हिने मला कपडे धुवायचं मशीन चालवायला शिकवायचं ठरवलंय. लोकरीचे वेगळे, पांढरे वेगळे. काल सूप शिकवलं, आज चादरी घडी घालणं. मी म्हटलं, हे सगळं या वयात कशाला? म्हणाली, "मला कंटाळा आलाय रोज रोज. तुमची पाळी." आळशी होत चालली आहे. पण बाहेर पडता येत नाही म्हणून बिचारीचा जीव रमत नसेल, असंही वाटलं.

फिरायला जाऊया का, परत विचारत होती. सकाळी ऊन चांगलं होतं. मी म्हटलं, पंधरा दिवस कळ काढ, मग यंत्र लावून ऐटीत जाऊ.

९ डिसेंबर

लेक आली. एकदम रजा मिळाली म्हणे, कामाचा ताण नाही सध्या. आधी कळवलंही नाही. येऊन आईच्या खोलीत जमिनीवर गादी टाकली, लहानपणी टाकायची तशी. मी माझं अंथरूण बैठकीत हलवलं, तिथे टेबलावर यंत्रही हाताशी राहतं.

दोघी तासन्‌तास कुजबुजतात. मी गेलो की गप्प. बायकांचं काहीतरी असेल.

आज लेकीने आईचे केस पार मानेपर्यंत कापून टाकले. इतके लांबसडक केस, जिवावर आलं बघून. ही म्हणाली, "हात वर धरून विंचरायचा कंटाळा येतो. नवीन फॅशन आहे, तुम्हाला काय कळणार!" तिला शोभतात तसे. तसं सांगायला हवं होतं, राहून गेलं.

१५ डिसेंबर

सेन्सर सुधारत नाही. परत पुसला, जोडणी बदलली, नवीन सील घातलं. तरी आकडा खालीच. महिन्याभरात माणसाचा श्वास इतका बदलत नसतो, म्हणजे सेन्सरच घसरतोय. शेवटी आकडेमोडीतच दुरुस्ती घातली. सेन्सर जे दाखवेल ते दीडपट धरायचं. नोव्हेंबरातल्या आलेखाशी आता बरोबर जुळतंय.

लेक चहा घेऊन आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"बाबा, डॉक्टरबाईंना भेटलात का इतक्यात?"

"आई जाते ना. ती येऊन सांगते मला सगळं."

"काय सांगते?"

"जैसे थे."

लेकीने कप यंत्राशेजारी ठेवला. मग म्हणाली, "ते यंत्र जरा बाजूला ठेवा ना, बाबा." मी म्हटलं, अगं आता तर आलंच आहे हाताशी. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिकडे थंडी किती होती! शाल नेऊन दिली तर घेतली नाही.

१८ डिसेंबर

आज हिच्यावर दुरुस्तीसकट पहिली चाचणी. मास्क लावला, खिडकी उघडी ठेवली. पहिले दोनचार श्वास ठीक गेले. मग ही थांबली आणि एक छोटासा श्वास घेतला, अन् एकदम ओरडली. मास्क ओढून काढला. वरचा ओठ आणि नाकाची कड लालभडक. लेक धावत आली, तिने थंड पाण्याचा कपडा लावला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"बस झालं," लेक म्हणाली. "आता हे पुरे. आई काय तुमची भट्टी आहे?"

"तू नको ओरडूस त्यांच्यावर," ही कपड्याआडून म्हणाली. "मीच श्वास चुकीचा घेतला असेल."

श्वास कोणी चुकीचा कसा घेईल? मी आकडे बघितले. यंत्राने जेवढी हवा येणार असं धरलं होतं, तेवढ्या हवेची वीज दिली. हवा तेवढी आलीच नाही.

१९ डिसेंबर

सकाळी सेन्सर घेऊन कारखान्यात गेलो. पंख्याकडे मोजून हवा सोडणारं चाचणीचं बाक आहे, त्याच्यावर लावला. मी म्हटलं, बघ, हा किती खोटं बोलतो ते लिहून घे. त्याने हवा कमी सोडली, जास्त सोडली, अगदी थेंबभर सोडली. प्रत्येक वेळी सेन्सरचा आकडा आणि बाकाचा आकडा एकच.

"परत कर," मी म्हटलं.

त्याने परत केलं. मग बाक बंद केलं. आवाज थांबला.

"सेन्सर बरोबर आहे रे," पंखा म्हणाला.

"मग तो कमी का दाखवतो?"

तो हात पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "वहिनींच्या डॉक्टरांना भेटून ये. मी साहेबांना सांगतो तू लवकर गेलास म्हणून."

डॉक्टरबाईंना मी भेटलो. त्यांना वाटलं होतं मला सगळं ठाऊक आहे. "त्या म्हणाल्या होत्या, घरी मीच सांगेन." त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. सप्टेंबरपासून फुप्फुसांची ताकद भराभर उतरते आहे. औषध लागू पडलं नाही. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, असा आकडा मी देत नाही. पण उन्हाळ्याचे बेत करू नका.

घरी चालत आलो. वाटेत नदीचा रस्ता लागला. मी दुसऱ्या बाजूने आलो.

२० डिसेंबर

लेक बाजारात गेली होती. मी हिच्यापाशी बसलो. ओठावर मलम लावलेलं होतं, त्यामुळे लहान मुलीसारखी दिसत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते." मध्ये थांबली. आता प्रत्येक वाक्यात थांबते. ती थांबते हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही म्हणालात, बोलू नकोस, आलेख बिघडतो."

रागाने नव्हती म्हणाली. हसत होती. मला मात्र हसू येईना. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. कधी ठेवलं नव्हतं असं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "पार विरळ झालात की हो."

नंतर मी म्हटलं, यंत्र टाकून देतो.

"आता? वा रे वा! माझा ओठ काय फुकट भाजला? आता पुरं करा. मला बाहेर जायचंय."

"पण मी तुला किती वेळा थांब म्हणालो..."

"म्हणालात खरं. आता ते उगाळून काय होणार? मी शिव्या घालीन अशी वाट बघताय का?" परत थांबली. "त्याला लागतो तेवढा दम नाही माझ्यात."

२४ डिसेंबर

दुरुस्ती काढून टाकली. सेन्सर जे सांगेल ते खरं धरायचं, उंचवटा तर उंचवटा. आणखी एक केलं: हवा थांबली त्या क्षणी जुन्या चुकांचा साठा शून्य. पुढच्या श्वासाला मागच्याचं काही देणं नाही.

तीन वेळा माझ्यावर, मग पंख्यावर, मग लेकीने हट्टाने स्वतःवर लावून बघितलं. लहान श्वास, मोठा श्वास, खोटा खोकला. कोमट. दर वेळी कोमट. शेवटी हिने मास्क लावला. मी पडद्यावर बघत नव्हतो, तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. तिने अंगठा वर केला.

इतक्या दिवसांत एवढंच करायचं होतं. ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातही जमलं असतं, मी मोजमापावर विश्वास ठेवला असता तर. तेव्हा ती जिना चढत होती.

२८ डिसेंबर

आज बाहेर पडलो. बर्फासारखी थंडी होती, आभाळ स्वच्छ. लेकीने आईला कपड्यांत असं गुंडाळलं की पार्सल वाटावं. कमरेला बॅटरी, तोंडावर मास्क. मी हात धरला. चाकाची खुर्ची लेक मागून ढकलत आली, लागली तर असावी म्हणून. फाटकातच ती लागली.

नदीपर्यंत जाणं शक्य नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. शिंपीणबाई खिडकीतून हात हलवत होत्या. एकदाही ठसका लागला नाही. मास्कच्या वरून ही डोळे मोठे करून सगळं बघत होती: भिंतीवर नवीन लावलेला रंग, दुकानासमोर फळ्या उतरवणारा सुतार, मोडक्या सायकलवर बसलेली मांजर.

बेकरीच्या दाराशी तिने खूण केली, थांबा. आणि मी नको नको म्हणेपर्यंत मास्क खाली ओढला. ताज्या पावाचा वास दाटून आला होता. डोळे मिटून एक श्वास घेतला. अर्थात ठसका लागला. लेक आणि मी दोघंही धावलो, मास्क लावला, पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "मास्कमधून वास येत नाही. लिहून ठेवा. हा दोष आहे तुमच्या यंत्रात."

बेकरीवाल्याने गरम पाव हातात दिला. तिघांनी तिथेच उभ्याउभ्या मोडून खाल्ला. म्हणजे दोघांनी उभ्याने.

६ जानेवारी

हॉस्पिटल. पहाटे ओठ निळे पडले. रुग्णवाहिकेत मी पुढे बसलो, लेक मागे. आता ऑक्सिजन लावलाय. झोपली आहे.

११ जानेवारी

घरी आणलं. डॉक्टरबाईंनी मोकळेपणाने सांगितलं, इथे ठेवून वेगळं काही करता येणार नाही, त्यांनाही घरीच जायचंय.

ऑक्सिजनचं यंत्र पलंगाशी ठेवलंय, फ्रिजसारखं घुरघुरतं. यापुढे नाकातली नळी कायम. आणि ऑक्सिजन असेल तिथे तापती तार न्यायची नाही, भडका उडू शकतो. डॉक्टरबाई हे सांगायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, ठाऊक आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ऑक्सिजन लागेल ही गोष्ट मात्र मी आकडेमोडीत धरलीच नव्हती.

त्यांनी हवा ऊबदार ठेवायला पाण्याचा एक साधा डबा दिलाय. खालून हळूहळू तापतो, एकदा लावला की तसाच राहतो. त्यात जुळवायचं काही नाही. हिचा श्वास आता इतका लहान आणि एकसारखा झालाय की तेवढं पुरतं. हवा बदलतच नाही.

माझं यंत्र लेकीने कपाटात वर ठेवलं. मी हो म्हटलं.

१७ जानेवारी

कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली. साहेबांनी काही विचारलं नाही, पंख्याने सांगून ठेवलं असावं.

हिला पलंगावरून खिडकी दिसत नाही. पलंग हलवायचा तर ऑक्सिजनचं सगळं हलवावं लागतं. मग मी खिडकीत बसतो आणि बाहेर काय चाललंय ते सांगतो. मला नीट सांगता येत नाही.

"एक माणूस चाललाय."

"कुठून? कुठे?" ही डोळे मिटूनच विचारते. "प्रवाशांना आधी कुठून कुठे ते सांगायचं. मग बाकीचं."

"शिंप्याच्या दारातून... कोपऱ्याकडे. हातात पिशवी आहे."

"जड?"

"जड असावी. वाकलाय."

"हां. आता दिसला."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, बाबा, तुम्ही इतकं कधी बोलत नाही.

२३ जानेवारी

आज पुष्कळ वेळ जागी होती. मला म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? खरं सांगा. यंत्राशी बसत होतात ते माझ्यासाठी, की माझ्यापासून लांब?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"मला माहीत नाही गं."

"ठीक आहे," म्हणाली. "मलाही तसंच वाटलं होतं." आणि माझा हात ओढून स्वतःच्या गालाखाली घेतला. हाताला मुंग्या आल्या, तरी काढला नाही.

३० जानेवारी

ही आज सकाळी गेली. लेकीने केस विंचरले होते, मी खिडकीत होतो. दुधाची गाडी वळत होती, ते सांगत होतो. गाडी वळून गेली तरी मी सांगतच राहिलो. लेक म्हणाली, बाबा, इकडे या.

२ मार्च

महिनाभर वही उघडली नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. कोणाला सांगायचं, हे सुचत नव्हतं.

लेक परवा तिच्या गावी गेली. निघताना म्हणाली, माझ्याकडे चला. मी म्हटलं, बघू. तिने कपाट आवरलं, औषधं टाकली, आईचा आगारातला कोट स्वतःला घालून बघितला आणि घालूनच गेली. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत रडली नाही. गाडी हलल्यावर काय केलं असेल ते मला दिसलं नाही.

कपडे मी स्वतः धुतो. लोकरीचे वेगळे, पांढरे वेगळे. घरात इतकी शांतता आहे की मशीन चालू असलं की बरं वाटतं. काल एकच टॉवेल होता, तरी लावलं.

१२ मार्च

कामावर जायला लागलो. पंखा रोज डबा घेऊन माझ्या बाकाशी येऊन बसतो. आज मीच म्हटलं, तुला कधी कळलं? म्हणाला, वहिनी नोव्हेंबरात एका दुपारी रिक्षाने आमच्याकडे आल्या होत्या, माझ्या बायकोला भेटायला. जिना चढून आल्यावर पाणी प्यायलासुद्धा त्यांना वेळ लागला.

"आणि तू मला बोलला नाहीस."

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, तो पंप त्यांना नीट करून द्या, त्यांना काहीतरी धरायला हवं."

मी डबा तसाच बंद केला. दुपारभर पंख्याशी बोललो नाही. सुटताना तो फाटकाशी थांबला होता. दोघं बरोबर बस थांब्यापर्यंत गेलो.

१९ मार्च

डॉक्टरबाईंचा फोन. त्यांच्याकडे एक बाई येतात, शीतगृहात फळांच्या पेट्या तपासायला असतात. आत गेलं की छाती आवळते. नोकरी सोडवत नाही. ऑक्सिजन वगैरे काही लागत नाही, फक्त गार हवा सोसत नाही. "तुमचं ते यंत्र अजून आहे का?" आधी नाही म्हणालो. मग परत फोन केला.

यंत्र कपाटातून काढलं. त्याच्या पोटात एकाच माणसाचे आकडे राहतात: किती हवेला किती वीज, किती लवकर, कुठे हात आखडायचा. ते सगळे हिच्या श्वासावर बसवलेले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली ही. मी पडद्यावर ते आकडे पुष्कळ वेळ बघत बसलो. कुठे उतरवून ठेवावेत असं वाटलं. काय करणार होतो उतरवून? दुसऱ्या कोणाला ते लागू पडणार नाहीत.

पुसले.

२१ मार्च

शीतगृहातल्या बाई आज संध्याकाळी आल्या. चाळिशीच्या असतील, आवाज खणखणीत. दारातच म्हणाल्या, डॉक्टरबाई सांगत होत्या तुमच्या मिसेसचं, फार वाईट झालं हो. मी मान हलवली. जेवणाच्या टेबलाशी बसवलं, नळी हातात दिली, नुसता नेहमीसारखा श्वास घ्या म्हटलं.

त्यांनी दोन श्वास घेतले आणि नळी काढली. "अहो, आत असते ना मी, तेव्हा अशी भीती वाटते. दार बाहेरून लावतात. मला वाटतं मी खोकत राहीन आणि कोणाला ऐकूच जाणार नाही. घरी नाही बोलत मी हे. नवरा म्हणेल, सोड नोकरी."

मी विचारलं, दार आतून उघडत नाही? उघडतं, म्हणाल्या, पण कडी गोठते. मग कडीबद्दल बोलल्या. मग मुकादमाबद्दल, जो हातमोजे देत नाही. मग सफरचंदं वासावरून कशी ओळखायची ते. चहा केला, त्या बोलतच होत्या. अंधार पडायला लागला तशा गडबडीने उठल्या, बस चुकेल म्हणून.

त्या गेल्यावर पडदा बघितला. दोन श्वासांनंतर नुसती सपाट रेघ. मोजायचं राहूनच गेलं.

त्यांना परवा परत बोलावलंय.